मन मोकळं व्हायला मोकळी जागा लागते



इथे आपण सगळेच जुन्या बेळगावच्या, निपाणीच्या, संकेश्वर-खानापूरच्या आठवणी लिहितो. कुणी शाळेबद्दल लिहितं, कुणी कुंद्याबद्दल, कुणी गणपतीच्या मिरवणुकीबद्दल. गेले काही महिने हे सगळं वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आठवण कुणाचीही असो, तिच्यात झाड येतं, तळं येतं, नाहीतर पाऊस येतो. चिंचा पाडलेल्या असतात, किल्ल्याच्या तळ्याकाठी बसलेलं असतं, वेदगंगेत डुंबलेलं असतं. आमच्या हॉलमधला सोफा किती छान होता, असं आजवर एकानेही लिहिलेलं नाही. माणसाचं मन सुखाच्या ज्या नोंदी जपून ठेवतं, त्यातल्या बऱ्याचशा उघड्यावरच्या असतात, असा अर्थ मी तरी काढतो.

म्हणून आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. विषय मनाच्या आरोग्याचा आहे. माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो. झाडं, माती, पाणी आणि उघडं आकाश यांच्यात रोज थोडा वेळ काढणं ही निवृत्तांची हौस नव्हे, ती गरज आहे. नळाचं पाणी आणि गटार जशी गावाची गरज, तशीच सावलीची मोकळी जागाही गावाची गरज. आणि ही जागा आपण सगळे मिळून फार झपाट्याने संपवत चाललोय.

मी पेशाने बँकवाला. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, निपाणी, चिकोडी, खानापूर करत करत बेळगावात येऊन निवृत्त झालो. मानसशास्त्र काही शिकलेलो नाही. खरं जमा-खर्च समजतो, आणि गेल्या पन्नास वर्षांत बरीच माणसं काउंटरच्या अलीकडून आणि पलीकडून बघितली आहेत. त्या भांडवलावर हे लिहितोय.

आमच्या लहानपणी बेळगावला 'गरिबांचं महाबळेश्वर' म्हणायचे. अडीच हजार फूट उंची, जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, थंडीत सकाळी समोरचं माणूस दिसणार नाही असं धुकं. शहापुरातली, वडगावातली घरं लांबट, अंधारी असायची. पण मागे परडं असायचंच. परड्यात आड, आडाशेजारी केळ, एखादा प्राजक्त, आळूचं वाफं, कोपऱ्यात जनावरं. घरात भांडण झालं की बायका परड्यात जायच्या. धुणं धुवायला, भांडी घासायला, फुलं काढायला, काहीतरी निमित्त असायचं. अर्ध्या तासाने परत यायच्या त्या शांत होऊन. त्याला कुणी उपचार म्हणत नव्हतं. परडं म्हणजे घरातली एक खोलीच होती, फक्त तिला छत नव्हतं.

निपाणीचं चित्र वेगळं. ते तंबाखूचं गाव. वखारींच्या गल्लीतून गेलं की नाकात झणझण व्हायची. दिवसभर त्या धुळीत आणि विड्यांच्या सुपापुढे वाकून काम केलेल्या माणसांना संध्याकाळी मोकळा वारा लागायचा. कुणी तवंदी घाटाच्या बाजूला जायचं, कुणी वेदगंगेकाठी जत्राट-भिवशीकडे. मी तिथल्या शाखेत असताना आमचा एक शिपाई रविवारी नदीवर जाऊन नुसता बसायचा. मासे धरायचा नाही, काही नाही. विचारलं तर म्हणायचा, "काय करायलोय म्हणजे? बसायलोय की साहेब. डोस्कं रिकामं होतंय." डोकं रिकामं होणं! मोठमोठे डॉक्टर आज जे सांगतात, ते याहून फार वेगळं नाही.

आमच्या पिढीत मनाच्या आजाराला शब्दच नव्हते. 'त्याला धारवाडला नेलं' एवढं म्हटलं की पुढचं सगळ्यांना कळायचं, आणि आवाज आपोआप खाली यायचा. त्याच्या आधीच्या पायऱ्यांना मात्र नाव नव्हतं. झोप न लागणं, जेवणावरची वासना जाणं, माणसांत नको वाटणं, याला 'स्वभाव' म्हणून सोडून द्यायचे. वय झालं की असं होतंच, हा आणखी एक शेरा.

आमच्या शाखेतल्या एका हेडकॅशियरची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. माणूस असा की तीस वर्षांत कॅश टॅली झाल्याशिवाय घरी गेला नाही. निवृत्तीनंतर चार वर्षांत त्यांची पत्नी गेली. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. दोघांनी आग्रह केला, पण हे टिळकवाडीतला फ्लॅट सोडून जायला तयार नाहीत. हळूहळू बाहेर यायचे बंद झाले. टीव्ही सकाळपासून चालू, पडदे ओढलेले. मी भेटायला गेलो तेव्हा म्हटलं, "चला, गेटपर्यंत चक्कर मारून येऊ." तर म्हणाले, "बाहेर जाऊन करायचं काय साहेब? घरात कोण नाही हे खरं, खरं बाहेर तरी कोण आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी मुलगा आला, त्याने डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी दुसरी एक गोष्ट कागदावर लिहून दिली. रोज सकाळी उन्हं कोवळी असताना अर्धा तास झाडांखाली चालायचं, आणि एकट्याने नाही. पहिले पंधरा दिवस त्यांना अक्षरशः हाताला धरून न्यावं लागलं. महिन्याभराने ते आपणहून बुटांच्या लेस बांधून बसू लागले. तीन महिन्यांनी आम्हाला सांगू लागले की त्या तिसऱ्या झाडावर कावळ्याने घरटं केलंय आणि कोकिळेचा त्याच्यावर डोळा आहे. हेडकॅशियर पुन्हा मोजदाद करू लागला, हे बघून आम्हाला जो आनंद झाला तो काय सांगू! गोळ्यांचा वाटा किती, झाडांचा किती, सोबतीचा किती, याची फोड मी करू शकत नाही. डॉक्टरांनी तिन्ही एकत्र दिलं होतं आणि तिन्ही लागू पडलं.

आता कुणी म्हणेल, एका माणसाच्या गोष्टीवरून काय सिद्ध होतं? बरोबर आहे. म्हणून थोडं वाचलं. 1984 साली रॉजर उलरिख नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका इस्पितळातले जुने कागद तपासले. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रुग्ण, वय वगैरे जुळवून लावलेल्या तेवीस जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधं कमी लागली. मला हा अभ्यास आवडला, कारण तो आमच्या ऑडिटसारखा आहे. जुनी रजिस्टरं काढली आणि दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले.

जपानी लोकांनी 1982 मध्ये सरकारी पातळीवरच 'शिनरिन-योकू' हा शब्द पुढे आणला. म्हणजे जंगलात न्हाणं. पाण्याने नाही, जंगलाच्या हवेने. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या जवळजवळ वीस हजार माणसांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला निदान 120 मिनिटं निसर्गात घालवणारी माणसं आपली तब्येत बरी आहे, समाधान आहे, असं जास्त प्रमाणात सांगत होती. ती 120 मिनिटं एकदम घालवली की तुकड्या-तुकड्याने, याने फरक पडत नव्हता. हिशोब केला तर दिवसाला सतरा-अठरा मिनिटं होतात. दुधाची पिशवी आणायला जाऊन कट्ट्यावर बोलत उभं राहिलो तरी यापेक्षा जास्त वेळ जातो.

बँकवाल्याच्या सवयीने एक शंका नोंदवून ठेवतो. ज्यांची तब्येत मुळात बरी आहे, तीच माणसं बाहेर जास्त पडत असतील, असंही असू शकतं. दोन नोंदी एका पानावर आल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली असं होत नाही. पण यामागचं कारण समजावून घेतलं तर ते पटतं. दिवसभर लेजर तपासणाऱ्याला माहीत आहे, लक्ष ताणून धरलं की दुपारी चारनंतर सातचा एक दिसायला लागतो. कॅप्लान नावाच्या दांपत्याने 1989 च्या पुस्तकात हेच मांडलं. ताणून धरलेलं लक्ष थकतं. पानांची सळसळ, ढगांची चाल, पाण्यावरचे तरंग यांकडे लक्ष आपोआप जातं, ते ताणावं लागत नाही, आणि तेवढ्यात थकलेला भाग विश्रांती घेतो. मोबाइलवर असं होत नाही, कारण तो लक्ष ओढून घेतो आणि सोडत नाही. त्यात सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप येते. चालल्याने भूक लागते. चार ओळखीचे चेहरे दिसतात. एवढं सगळं एका खात्यावर जमा होत असेल तर शिल्लक वाढणारच की!

इथे मला माझ्याच नोकरीतला एक प्रश्न छळतो. तो टाळून पुढे गेलो तर हे लिखाण लबाडीचं होईल. शेतकरी जन्मभर निसर्गातच असतो. मग तो का खचतो? मी पीककर्जाच्या फाइली हाताळल्या आहेत. नेमका पाऊस लांबला म्हणून, नाहीतर 2019 च्या ऑगस्टसारखा वेदगंगेने रस्ता सोडून शेतात मुक्काम केला म्हणून कोसळलेली माणसं समोरच्या खुर्चीत बसलेली बघितली आहेत. त्या वर्षी यमगर्णीजवळ हायवेच बंद पडला होता, मग उसाचं काय झालं असेल बघा. त्या माणसाला ढग बघून शांत वाटेल का? तो ढगाकडे बघतो तो हप्त्याच्या तारखेच्या हिशोबाने. विडी वळणाऱ्या बाईला अंगणात लिंबाचं झाड आहे, पण मान वर करायला वेळ नाही, कारण हजाराचा आकडा पुरा करायचाय.

म्हणून म्हणतो, निसर्ग कर्ज फेडत नाही. भाव देत नाही, मजुरी वाढवत नाही. त्यासाठी माणसांनाच भांडावं लागतं. 1981 ला निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले तेव्हा ते झाडाखाली बसून प्रश्न सुटायची वाट बघत नव्हते. गोळीबार झाला, माणसं गेली. झाडाचा गुण यायला मनाला थोडी उसंत लागते, आणि उसंत ही सगळ्यांना सारखी वाटलेली नाही. जी काही थोडी उसंत मिळते, ती घालवायला गरिबाला फुकटची सावली हवी. श्रीमंताला फार्महाऊस आहे, आंबोलीला, चोर्ल्याला रिसॉर्ट आहे. एका खोलीत पाच जण राहणाऱ्याला गावातलं मैदान आणि तळं हेच काय ते. तेच गेलं तर सर्वांत आधी नुकसान त्याचं.

आपल्या मातीतलं एक उदाहरण आठवतं. कवयित्री इंदिरा संत आपल्याच. बालपण निपाणीजवळच्या तवंदीत गेलं आणि आयुष्याचा मोठा काळ बेळगावात. 1946 साली पती ना. मा. संत गेले, तेव्हा इंदिराबाई जेमतेम बत्तीस वर्षांच्या. पदरी लहान मुलं. नोकरी केली, शिकवलं, संसार एकटीने ओढला. त्यांच्या कविता वाचल्यात ना? त्यात पाऊस आहे, माती आहे, वेल आहे, रात्र आहे. दुःख त्या थेट कमीच बोलतात, बहुतेक वेळा ते पावसाच्या हाती देतात. 1984 ला 'गर्भरेशीम'साठी साहित्य अकादमी मिळालं. निसर्गाने त्यांचं दुःख बरं केलं, असं म्हणायचा अधिकार मला नाही. पण ते दुःख ठेवायला त्यांच्याजवळ जागा होती, एवढं दिसतं. पुढे त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी 'वनवास'मधला लंपन लिहिला. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे आपल्या सीमाभागातल्या गावात राहणारा मुलगा. त्याच्या मनात काही दाटून आलं की भोवतालची झाडं, रस्ते आणि पाऊस त्याला सोबत करतात. आजच्या लंपनला आपण काय देतोय? चौथ्या मजल्यावरची बाल्कनी, तीही काचेने बंद केलेली.

आता गावाकडे वळू. बेळगावात अजून बरंच शिल्लक आहे, हे आधी कबूल करूया. कॅम्पातली जुनी झाडं, मिलिटरी महादेवाचा परिसर, किल्ल्याचं तळं. थोडं बाहेर पडलं की येळ्ळूरचा राजहंसगड, राकसकोपचं पाणी, वैजनाथचा डोंगर, जांबोटीपलीकडे कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते. आणि टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो. कधीकाळी तिथे देवीच्या रोगाची लस तयार व्हायची, म्हणून हे नाव. देवीचा रोग जगातून गेला, पण ती जागा राहिली, झाडं वाढली, आणि आज सकाळी हजारो पावलं तिथे पडतात. माझ्या मते ती अजूनही लसच देते, फक्त रोग बदलला.

तिथे सकाळी एक गंमत बघायला मिळते. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू, सगळ्या भाषा चालत असतात. 1956 पासून या भागात पाट्यांवरून, फलकांवरून किती डोकी तापली, हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला नको. माझी मतं मला आहेत आणि ती मी लपवत नाही. खरं झाडाखाली रोज भेटणाऱ्या कन्नड मास्तरांशी माझी गुडघ्यावर आणि नातवंडांवर जी चर्चा होते, ती दुसरीकडे कुठे झाली नसती. तेही औषधच.

बेळगाव 2016 च्या पहिल्याच यादीत स्मार्ट सिटी झालं. रस्ते झाले, दिवे झाले, चांगलं झालं ते चांगलंच म्हणायचं. पण 'विकास' म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा फरशी येते. मातीच्या वाटेवर पेव्हर, झाडाच्या बुंध्याला सिमेंटचा गळफास, मध्ये कारंजं, बाजूला फूड कोर्ट. व्हॅक्सिन डेपोत बांधकाम नको म्हणून गावातली माणसं बोलली, भांडली, त्यांचे आभार मानायला हवेत. शहापूर-येळ्ळूरकडची बासमतीची शेतं आठवा. भात फुलोऱ्यात असताना संध्याकाळी त्या वाटेने सायकलवरून गेलं की घरी जाईपर्यंत अंगाला वास यायचा. आता तिथे बायपास आणि प्लॉट यांचीच चर्चा.

चूक कुठे होते ती सांगतो, कारण ती हिशोबाची चूक आहे. गुंठ्याचा भाव सगळ्यांना पाठ आहे. सावलीचा भाव कुठल्याच वहीत नाही. ज्याची नोंद नाही त्याची किंमत शून्य धरली जाते. यंत्राचा घसारा आम्ही दरवर्षी लिहायचो, कारण यंत्र झिजतं. गावातल्या माणसांच्या मनाचा घसारा कोण लिहितो? तो लिहिला जातो डॉक्टरांच्या बिलात, झोपेच्या गोळ्यांत, घरातल्या चिडचिडीत. फक्त ती खाती वेगळी असल्यामुळे बेरीज कुणी करत नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रत्येक वॉर्डात पायी जाता येईल अशी एक सावलीची जागा, आणि त्यातली निदान अर्धी जमीन माती म्हणून राहू द्या. पाठ टेकता येईल असे बाक. बायकांना आणि म्हाताऱ्यांना स्वच्छ संडास, कारण त्याच्याशिवाय आमच्या वयाची माणसं दहा मिनिटांत घरी परततात. फाटक पहाटेच उघडायचं. निपाणीत नदीकाठ आणि जवाहर तलावाचा परिसर स्वच्छ ठेवायचा. झाड तोडायचंच असेल तर आधी गल्लीला विचारायचं.

आणि आपल्या घरापुरतं? बाहेर पडण्याचा वेळ रिकरिंग डिपॉझिटसारखा धरा. मोठी रक्कम नको, हप्ता चुकवू नका. पावसाळ्यात चार महिने चालता येत नसेल तर दारात खुर्ची टाकून पागोळ्या बघा, कुंडीतल्या मातीत हात घाला. नातवंडं सुट्टीला आली की मॉलऐवजी एक दिवस राजहंसगड दाखवा. शेजारी कुणी एकटं राहत असेल तर त्यांना 'फिरायला जात जा' असा उपदेश करू नका. चपला घालून त्यांच्या दारात उभे राहा आणि "चला" म्हणा. खचलेल्या माणसाला स्वतःहून उंबरा ओलांडता येत नाही, तोच तर आजार आहे.

शेवटचं आणि महत्त्वाचं. झाडं डॉक्टरची जागा घेत नाहीत. झोप, भूक, कशातच रस नसणं हे दोन आठवड्यांवर चाललं असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा कानावर आली, तर सरळ डॉक्टरांकडे न्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, बीपी-शुगरला आपण लाजतो का? 2022 पासून सरकारची टेली-मानस सेवा आहे. 14416 हा नंबर, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लावता येतो. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता तुमची पाळी. तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात मन मोकळं करायला जायची जागा कुठली होती, आणि आज तिथे काय उभं आहे, ते लिहा. यादी झाली तर निदान आपण काय गमावलं आणि काय वाचवायचं राहिलंय, याचा ताळेबंद तरी तयार होईल.